पेशंट म्हणजे गिऱ्हाईक का?

बँकेत किंवा पोस्टात रांगेत उभं असताना भिंतीवरची एक पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल. ग्राहक हा आमचा पाहुणा आहे, त्याच्यावर आम्ही उपकार करत नाही, तोच आमच्यावर करतो, अशा अर्थाची. खाली नाव महात्मा गांधींचं. काही पाट्यांवर तर साल आणि ठिकाणसुद्धा असतं : दक्षिण आफ्रिका, १८९०. गंमत अशी, की १८९० साली गांधी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले १८९३ साली. हे वाक्य त्यांच्या लिखाणात सापडत नाही. शोधणाऱ्यांना त्याचा छापील माग लागला तो १९४१ सालच्या अमेरिकेत, स्टुडबेकर नावाच्या मोटार कंपनीच्या विक्री विभागाच्या उपाध्यक्षापाशी. म्हणजे गाड्या विकणाऱ्या साहेबाचं बोलणं आपण फ्रेम करून महात्म्याच्या नावावर लावलं. आणि त्या फ्रेमखाली पेन्शनसाठी आलेल्या आजी अर्धा तास उभ्या आहेत, कारण खिडकीतला माणूस मान वर करत नाही.

मी विरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. राहायला नालासोपाऱ्याला. याआधी एका मोठ्या साखळीच्या लॅबमध्ये होते. तिथे पहिल्याच दिवशी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, "पेशंट म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं." हसायचं कधी, "हॅव अ गुड डे" म्हणायचं कधी, हेही ठरलेलं होतं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. सुई टोचून घ्यायला समोर बसलेला माणूस माझा गिऱ्हाईक आहे का? असेल, तर मी त्याच्याशी नीट वागायचं ते त्याने पैसे दिले म्हणून का? आणि पैसे नसतील त्याच्याकडे, तर?

* * *

कायद्याने या प्रश्नाचं एक उत्तर दिलेलं आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला, की पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने 'सेवा' आहे. त्याआधी चुकीच्या उपचाराविरुद्ध दाद मागायची तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत. या निकालाने सामान्य माणसाला ग्राहक मंचाचा दरवाजा उघडून दिला. डॉक्टरांच्या संघटनांना तो आवडला नव्हता. आमचा पेशा म्हणजे किराणा दुकान नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि पळवाटही होती.

पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ज्या दवाखान्यात सगळ्यांनाच सगळं मोफत मिळतं, तिथला पेशंट या कायद्याने ग्राहक ठरत नाही. काही जण पैसे देतात आणि काहींना मोफत, असं जिथे असेल, तिथला मोफतवाला ग्राहक धरला जातो. पण सगळंच फुकट असेल तर नाही. कायद्याच्या दृष्टीने हे तर्काला धरून आहे, कारण खरेदी झालेलीच नाही. चुकीबद्दल इतर कायदे आहेतच. पण आपल्या प्रश्नासाठी हे फार महत्त्वाचं आहे. नीट वागणुकीचा पाया 'पैसे दिले' एवढाच असेल, तर ज्याच्याकडे पैसे नाहीत तो त्या पायाच्या बाहेर राहतो. आणि दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते.

दुसरी अडचण याहून साधी आहे. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतो. विरार स्टेशनबाहेर मोबाईलचं कव्हर घ्यायला तुम्ही गेलात आणि दुकानदार तुसडेपणाने बोलला, तर तुम्ही चार पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात जाता. दुकानदाराला हे माहीत असतं. त्याच्या गोड बोलण्यात या माहितीचा मोठा वाटा असतो. पेशंट कुठे जाणार? त्याच्या हातात सुई आहे, अंगात ताप आहे, अंगावर दवाखान्याचा झगा आहे, जुने रिपोर्ट इथल्याच कॉम्प्युटरमध्ये आहेत. आमच्याकडे तर हे आणखीच खरं. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते लोकलच्या खिडकीतून कुणालाही दिसतं. महापालिका २००९ साली झाली. पण दुखणं जरा मोठं निघालं, की आजही लोक बोरिवली, परळ, मुंबई सेंट्रलची वाट धरतात. रात्री दोन वाजता हायवेच्या ट्रॅफिकमध्ये ॲम्ब्युलन्स अडकलेली असते तेव्हा 'दुसरीकडे जाऊ' हा पर्याय कागदावरच असतो.

म्हणजे बाजारात चांगली वागणूक ज्या भीतीपोटी मिळते, ती भीतीच इथे नाही. जी वागणूक मिळेल ती समोरच्याने स्वतःहून दिली तरच. म्हणून मला वाटतं, पेशाची खरी परीक्षा उठून जाता न येणाऱ्या माणसासमोर होते. डॉक्टरांची होते, तशी माझ्यासारख्या सुई टोचणाऱ्यांचीही होते. शाळेतल्या शिक्षकांची, तलाठ्याची, पोलिस चौकीतल्या हवालदाराचीही होते.

* * *

आता कुणी म्हणेल, की वागणूक वगैरे ठीक आहे, पण मला बरं करणारा डॉक्टर हवा, गोड बोलणारा नव्हे. हा आक्षेप खरा आहे आणि आमच्या भागात तर तो जीवन-मरणाचा आहे. बोगस डॉक्टर पकडल्याची बातमी नालासोपारा, वसई, विरारला नवी नाही. डिग्री नसलेला माणूस वर्षानुवर्षं चाळीत दवाखाना चालवतो, इंजेक्शनं देतो, सलाईन लावतो. लोक त्याच्याकडे का जातात? अडाणी म्हणून? मी ज्यांना ओळखते ते अडाणी नाहीत. ते जातात कारण तो रात्री साडेअकरापर्यंत बसतो, शेवटच्या गाड्यांनी घरी आलेल्याला तपासतो, त्याच्या भाषेत बोलतो, उधारी ठेवतो आणि पोराचं नाव लक्षात ठेवतो. 'देवमाणूस' ही मालिका २०२० साली घराघरांत पाहिली गेली. तिच्यातला खोटा डॉक्टरसुद्धा गावाचा लाडका होता तो असाच. आदराची नक्कल करता येते, आणि ती करून माणसं मारताही येतात. तेव्हा गोड बोलणं म्हणजे आदर नाही, हे आधीच कबूल करून टाकूया. ज्याला औषधाचं ज्ञान नाही आणि तरी जो औषध देतो, त्याने समोरच्या माणसाचा सगळ्यात मोठा अपमान आधीच केलेला आहे.

पण उलटं काय? ज्ञान आहे, आदर नाही, असं असेल तर काम भागतं का?

बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या छोट्या पुस्तिकेत एक प्रसंग आहे. तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातला नाही. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र १२ डिसेंबर १९२९च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं, ते त्यांनी दिलं आहे. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी तिला वस्तीबाहेर आणायचं, या अटीवर आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा वाचला आणि न्यूमोनिया झाल्याचं सांगितलं. औषधं पाठवली. दोन रुपये फी घेतली. पुन्हा तिला जवळून पाहायला काही तो आला नाही. ती बाई वाचली नाही.

पावतीच्या हिशेबाने बघितलं, तर त्या डॉक्टरने सगळं दिलं होतं : भेट, निदान, औषध. डिग्री खरी होती. फक्त त्याने तिला हात लावला नाही. पण न्यूमोनिया झालेल्या बाळंतिणीची छाती तपासायची तर जवळ जावं लागतं. आणि जो जवळ जायलाच तयार नाही, त्याचं ज्ञान त्या बाईपुरतं अर्धंच राहतं. त्याने शिष्टाचार मोडला एवढ्यावर हे संपत नाही. तो वाईट डॉक्टर ठरला, कारण आदर नसल्यामुळे त्याला त्याचं कामच नीट करता आलं नाही.

* * *

मला या लेखात मुख्यतः एवढंच म्हणायचं आहे. आदर हा कामावर वरून भुरभुरायची कोथिंबीर नाही, तो कामाचाच भाग आहे. माझ्या टेबलावरचं उदाहरण देते.

सकाळी साडेसहाला आमच्याकडे उपाशीपोटी साखर तपासायला रांग लागते. बरेच जण इथून पुढे सातची, साडेसातची लोकल पकडणारे. एखाद्या मावशींना तुम्ही दरडावून विचारलंत, "काही खाल्लं नाही ना?" तर त्या "नाही" म्हणतात. खाल्लं असेल तरी. चहा घेतलाय असं सांगितलं तर ही पोरगी चारचौघांत ओरडेल, पुन्हा उद्या बोलावेल, एक खाडा पडेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर येतं. त्याच मावशींना जरा खाली वाकून, हळू आवाजात विचारलं, "सकाळी चहा-बिस्किट काही झालं का? झालं असेल तरी हरकत नाही, त्याप्रमाणे बघू," की दहातल्या दोघी-तिघी सांगतात, "अगं, अर्धा कप घेतलाय, डोकं दुखत होतं." पहिल्या पद्धतीने विचारलं तर रिपोर्टवर चुकीचा आकडा येतो. त्या आकड्यावर कुणीतरी गोळी वाढवतं. मशीन लाखो रुपयांचं असलं तरी त्या चहाचं त्याला काय कळणार?

तसंच दुसरं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर शक्यतो त्या बाजूच्या हातातून रक्त घ्यायचं नसतं. पण बाहेर सात-आठ पुरुष बसलेले असताना कोणती बाई हे आपणहून सांगेल? पडदा ओढून, "कुठल्या हाताचं काही ऑपरेशन, काही त्रास?" असं विचारावं लागतं. पडदा ओढायला चार सेकंद लागतात. एचआयव्हीच्या चाचणीचं तर विचारूच नका. त्यासाठी २०१७चा कायदाच आहे, संमतीशिवाय चाचणी नाही आणि गुप्तता पाळायची, असं सांगणारा. तरीही एका ठिकाणी काउंटरवरून "एचआयव्हीवाले कोण?" अशी आरोळी मी माझ्या कानांनी ऐकली आहे. हॉलमध्ये पंधरा माणसं होती. कुणीच उठलं नाही. थोड्या वेळाने एक जण खिशातून फोन काढून कानाला लावत बाहेर गेला, तो परत आला नाही.

मोठ्या डॉक्टरांचंही निराळं नाही. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी अमेरिकेतल्या डॉक्टर-पेशंटच्या संवादाच्या टेप ऐकल्या. पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या काही डॉक्टरांनी उलट करून पाहिलं : पेशंटला मध्ये न अडवता बोलू द्यायचं. भीती अशी, की हे थांबणारच नाहीत. प्रत्यक्षात लोक सरासरी ९२ सेकंदांत थांबले. दीड मिनिट. आमच्याकडच्या ओपीडीत दीड मिनिट ही चैन आहे, हे मला ठाऊक आहे. बाहेर शंभर माणसं बसलेली असतात. पण म्हणूनच तो आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऐकून घ्यायला अख्खी सकाळ लागत नाही.

* * *

मराठीत आदराचं सगळ्यात छोटं हत्यार म्हणजे सर्वनाम. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', तिथे सुटका आहे. आपल्याला तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं, समोरचा 'तू' की 'तुम्ही'. आणि हे कोण कसं ठरवतं ते बघायचं असेल, तर कुठल्याही दवाखान्याच्या काउंटरपाशी पंधरा मिनिटं बसा.

मी बसले होते. वसईच्या पूर्वेकडे पारोळ, भाताणे या बाजूला वारली, कातकरी, मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत. तिकडची पन्नाशीची एक बाई नातवाला घेऊन आली होती. काउंटरवरची मुलगी बावीस-तेवीसची. "ए, नाव सांग. मोबाईल नाही का तुझ्याकडे? मग कोणाचा आहे?" त्या बाईंच्या मागे ऑफिसची बॅग लावलेला एक माणूस. त्याला, "बोला ना सर, बसा ना." मुलगी दुष्ट नव्हती. तिने काही ठरवून केलं नाही. साडी, पिशवी, चप्पल, बोलण्याचा हेल बघून तिच्या तोंडून सर्वनाम आपोआप बाहेर पडलं. ते कसं पडतं, हे आपल्या समाजाने तिला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

'तू'मध्ये वाईट काहीच नाही. आईला आपण 'तू' म्हणतो, मित्राला म्हणतो, विठ्ठलालाही म्हणतो. कोकणात तर माझी आजी सगळ्या गावाला अरे-तुरे करायची आणि सगळं गाव तिलाही. मला एक साधी कसोटी सापडली आहे : समोरच्याला तो शब्द परत देता येतो का? त्या बाईंनी काउंटरवरच्या मुलीला "तू सांग ना मग" म्हटलं असतं, तर काय झालं असतं? जिथे 'तू' परत करता येत नाही, तिथे ते आपलेपणाचं नसतं.

दवाखान्याच्या मराठीने यातून एक तिसरा रस्ताही काढला आहे. "इथे झोपायचं." "शर्ट वर करायचा." "श्वास घ्यायचा, सोडायचा नाही." यात तूही नाही आणि तुम्हीही नाही, माणूसच नाही. मग 'बेड नंबर सात', 'ती ॲपेंडिक्स', 'तो डेंग्यूवाला'. नात्याचे शब्दही इथे फसवे आहेत. आमच्या क्षेत्रात 'मावशी' आणि 'मामा' ही नाती नसतात, ती पदं असतात. लादी पुसणारी ती मावशी, स्ट्रेचर ओढणारा तो मामा. त्याच वयाच्या डॉक्टरीणबाईंना कुणी मावशी म्हणत नाही. मुंबईकडच्या हिंदीत तर प्रश्नच मिटला, तिथे सगळेच 'तेरे को'. नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या पूर्वांचली काकांना हिंदीत 'आप' म्हटलं, की ते क्षणभर माझ्याकडे बघत राहतात.

सर्वनाम बदलल्याने आजार बरा होत नाही. पण ज्या बाईला 'तुम्ही' म्हटलं, तिच्याकडून चहाची खरी हकीकत कळण्याची शक्यता वाढते, एवढं मी खात्रीने सांगते.

* * *

पण समजा, समोरच्या माणसाला काही सांगताच येत नाही. त्याच्याकडून हकीकत मिळणार नाही, पैसे नाहीत, आभार नाहीत, तक्रारही नाही. मग आदर कशासाठी?

आमचं घर नालासोपाऱ्याला येण्याआधी परळला होतं, त्यामुळे केईएम हॉस्पिटलमधल्या अरुणा शानबाग यांच्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले. त्या तिथल्याच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हॉस्पिटलमध्येच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर अत्याचार केला, साखळीने गळा आवळला. मेंदूला इजा झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. मधली ४१ वर्षं त्या केईएमच्या वॉर्ड नंबर चारच्या बाजूच्या खोलीत होत्या. त्यांना इच्छामरण द्यावं का, यावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला आणि तिथल्या परिचारिकांचं मोकळेपणाने कौतुक केलं. त्या निकालाबद्दल वाद होऊ शकतो. असं जगणं लांबवावं का, हा प्रश्न मी इथे सोडवू शकत नाही.

मला थक्क करते ती एक साधी गोष्ट. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या पाठीला जखमा झाल्या नाहीत. ज्यांनी घरी कुणाचं अंथरुणातलं आजारपण काढलंय, त्यांना याचा अर्थ कळेल. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, पाठ कोरडी ठेवावी लागते, चादरीची चुणी काढावी लागते. चार दशकं, तीन पाळ्यांत. मासे त्यांना आवडतात, हेही परिचारिकांनी चेहऱ्यावरून ओळखलं होतं आणि कोर्टाच्या कागदांत त्याची नोंद आहे.

कुणी म्हणेल, त्या त्यांच्यातल्याच एक होत्या, म्हणून केलं. सुरुवातीला तसं असेल. पण २०१० साली पाळीवर असलेल्या कित्येक मुली १९७३ साली जन्मलेल्याही नव्हत्या. त्यांनी अरुणाताईंना कधी चालताना, बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांना मिळालं ते फक्त एक काम, आणि हे काम कसं करायचं याची आधीच्या पिढीने घालून दिलेली पद्धत. मला वाटतं, पेशा म्हणतात तो हाच. एका माणसाचा चांगुलपणा निवृत्तीनंतर घरी जातो. पाळी बदलली तरी जो चांगुलपणा खोलीतच राहतो, तो पेशाचा.

* * *

आणि ही पद्धत मोडते तेव्हा काय होतं, तेही आमच्या शहराने पाहिलंय. २३ एप्रिल २०२१च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ या कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. एसीच्या यंत्रणेत स्फोट झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. त्या पहाटे १३ रुग्णांचे जीव गेल्याची बातमी आली, पुढे आकडा वाढला. चौकशा झाल्या, गुन्हा नोंदवला गेला. दोष कुणाचा किती, ते कोर्टाचं काम. मी फक्त त्या खोलीतल्या माणसांचा विचार करते. ऑक्सिजनवर, व्हेंटिलेटरवर असलेली माणसं. उठून जाता न येणारा माणूस हे शब्द त्यांच्याइतके शब्दशः कुणालाच लागू होत नाहीत.

अशा माणसाचा आदर म्हणजे वेळेवर तपासलेलं वायरिंग. मोकळा ठेवलेला जिना. भरलेलं अग्निशामक नळकांडं आणि ते चालवता येणारा माणूस रात्रपाळीला. यातलं काहीच पेशंटला दिसत नाही. रिसेप्शनवरचं हसू दिसतं. हॉस्पिटलची जाहिरात बनवणारे म्हणून हसण्यावर खर्च करतात. पण माझी खात्री झाली आहे, की आदराचा मोठा हिस्सा न दिसणाऱ्या जागी असतो : उकळलेल्या हत्यारांत, नवीन सुईत, फ्रिजच्या तापमानाच्या वहीत खऱ्याने भरलेल्या आकड्यांत.

* * *

आता आमची बाजू. ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या हसण्याला समाजशास्त्रात नाव आहे. आर्ली हॉक्सचाइल्ड या अमेरिकन अभ्यासिकेने विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ साली 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. आतून काहीही वाटत असो, चेहऱ्यावर कंपनीची भावना ठेवायची, हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला झिजवतात. कंत्राटावर बारा तास उभी असलेली, सुट्टी मागितली तर ओरडा खाणारी मुलगी काउंटरवर 'ए' म्हणते, तेव्हा तिला वरून जे मिळतं तेच ती खाली देत असते. हे तिचं समर्थन नाही. पण तिला शिष्टाचाराचा क्लास लावून हे सुटणार नाही, एवढं नक्की. ज्या दवाखान्यात मावशींना बसायला खुर्ची नाही, तिथे पेशंटला मान मिळेल ही आशा फोल आहे.

पेशंटच्या नातेवाइकांकडूनही हात उगारले जातात. दवाखान्यातली मारहाण थांबावी म्हणून महाराष्ट्राने २०१० साली वेगळा कायदा केला, यातच सगळं आलं. दुःखाने वेडा झालेला माणूस मी समजू शकते. पण 'पैसे मोजलेत' असं म्हणत जो अंगावर येतो, त्याने स्वतःला गिऱ्हाईक मानलेलं असतं आणि गिऱ्हाईक म्हणजे राजा, हे त्याला भिंतीवरच्या पाटीनेच सांगितलेलं असतं. एका बाजूला 'डॉक्टर देव', दुसऱ्या बाजूला 'ग्राहक देव'. दोन देवांमध्ये माणसासारखं बोलायला जागाच उरत नाही.

तर पेशंट म्हणजे गिऱ्हाईक का? तो हक्क त्याला असलाच पाहिजे. बिल मागण्याचा, दर विचारण्याचा, कोर्टात जाण्याचा. जानेवारी २०२१मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमचे नियम सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आलं, दरपत्रक लावणं आलं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आला. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल, तर सोबत एक बाई असण्याचा हक्क आला. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही, हेही आलं. पुढच्या वेळी कुणाला ॲडमिट कराल तेव्हा ही सनद भिंतीवर कुठे आहे ते शोधा. नसेल तर विचारा. भांडू नका, फक्त विचारा.

पण हे सगळं किमान आहे. त्याच्यावरचं जे आहे, ते कुठल्याही पावतीवर येत नाही, आणि ते न दिल्याबद्दल मला कुणी ग्राहक मंचात खेचू शकत नाही. म्हणूनच ते देणं न देणं सर्वस्वी माझ्या हातात आहे. उद्या सकाळी साडेसहाला शटर उघडेल, तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे बहुधा कुणीतरी सातच्या लोकलच्या घाईत असेल. त्यांना मी आधी बसायला सांगेन. मग विचारेन, "चहा झालाय का तुमचा?"